शिक्का कचेरीतून घरात कसा आला : हातानं केलेल्या भेटकार्डाचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात हा हस्तकलेचा तास मध्येच कुठून आला! रबरी शिक्के, शाईची पॅडं, जाड कागद, घरी बसून केलेली भेटकार्डं. यात इतिहास तो कसला? पण रोज हाताळायच्या वस्तूंच्या मागे टपाल, कारखाने, कचेऱ्या, रसायनं अशी मोठी मंडळी उभी असतात. भेटकार्ड हे त्याचं फार चांगलं उदाहरण आहे.

आधी एक समज बाजूला ठेवू या. आपल्याला साधारण असं वाटतं, की पूर्वी लोक सगळं हातानं करत, मग यंत्र आलं, छापील कार्डं आली आणि हातानं करणं मागे पडलं. भेटकार्डाच्या बाबतीत हा क्रम बराचसा उलटा आहे. इंग्लंडमध्ये व्हॅलेंटाइनच्या दिवशी हातानं कातरलेले, रंगवलेले कागद अठराव्या शतकातही दिले जात, हे खरं. पण सणाला ओळखीतल्या सगळ्यांना एकेक कार्ड धाडायचं, ही तिथली रीत छापखान्यानं आणि टपालानं घडवली. शिक्के मारून घरी कार्ड करायचा छंद त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी रुजला.

आणि यातली गंमत बघा. कार्ड आणि रबरी शिक्का, दोन्ही गोष्टी माणसाचा वेळ वाचवायला जन्माला आल्या. आज तीच दोन घेऊन माणसं एकेका कार्डापायी अख्खी संध्याकाळ घालवतात. हे कसं झालं, तेवढं आज बघायचं आहे.

उत्तरं लिहायला वेळ नाही

सुरुवात लंडनपासून करू. १८४० पर्यंत इंग्लंडमध्ये पत्र पाठवणं महाग होतं. अंतर किती, कागद किती, यावर दर ठरे आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत. रोलंड हिल यांच्या सुधारणेमुळे १० जानेवारी १८४० पासून देशभर एकच दर आला : एक पेनी. त्याच वर्षी मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे तिकीट आलं. पत्रव्यवहार भराभर वाढला.

या सुधारणेच्या कामात हिल यांच्या हाताखाली हेन्री कोल नावाचे एक अधिकारी होते. हेच पुढे साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे पहिले संचालक झाले. ओळखी अफाट. नाताळात पत्रांचा ढीग येई आणि आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे असभ्यपणा. आता इतकी उत्तरं लिहायची कधी? १८४३ मध्ये त्यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून एक चित्र काढून घेतलं आणि शिळाछापावर सुमारे हजार कार्डं छापून घेतली. मधल्या चित्रात मद्याचे पेले उंचावणारं कुटुंब. दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देण्याची चित्रं. वर कोणाला आणि खाली कोणाकडून, याची जागा रिकामी. नाव घाला आणि पाठवा. स्वतःला लागली तेवढी ठेवून बाकीची कार्डं विकायला काढली, एक शिलिंगला एक.

एक शिलिंग म्हणजे बारा पेनी. पत्र पाठवायला एक पेनी आणि आत घालायच्या कार्डाला बारा! तेव्हा सुरुवातीला ही सर्वांची वस्तू नव्हतीच. शिवाय चित्रात एका लहान मुलीलाही मद्य पाजलेलं दिसतं, म्हणून दारूबंदीवाल्यांनी बरीच ओरड केली.

पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ही कार्डं छापली एका रंगात. रंग नंतर भरले, आणि ते हातानं. म्हणजे ज्याला आपण पहिलं छापील नाताळकार्ड म्हणतो, त्याच्यावर रंगाऱ्याचा हात फिरलेला होताच. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याचा उपयोग आहे.

पुढची तीसेक वर्षं झपाट्यानं सांगतो. रंगीत शिळाछाप सुधारला, कार्डं स्वस्त झाली. ब्रिटनमध्ये १८७० मध्ये अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड आलं. आपल्याकडे १८७९ मध्ये पाव आण्याचं. अमेरिकेत बोस्टनच्या लुई प्रँग यांनी १८७५ पासून नाताळकार्डं बाजारात आणली. हे मूळचे जर्मन मुलखातून आलेले छपाईदार. एकेका चित्राला कितीतरी रंगांचे वेगवेगळे दगड लागत, इतकं त्यांचं काम नाजूक. चांगली चित्रं मिळावीत म्हणून त्यांनी चित्रस्पर्धाही भरवल्या. पण युरोपातून स्वस्त माल आला आणि त्यांना हा धंदा आवरता घ्यावा लागला. एकोणिसावं शतक संपेपर्यंत कार्ड म्हणजे दुकानातून आणायची वस्तू, हे पक्कं झालं होतं.

दाताच्या डॉक्टरकडचं भांडं

आता दुसरा धागा, रबर. झाडाच्या चिकापासून केलेलं कच्चं रबर मोठं हट्टी असतं. उन्हाळ्यात चिकट गोळा होतं आणि कडाक्याच्या थंडीत तडकतं. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून ही खोड मोडली. त्या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. १८४४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पैसा मात्र टिकला नाही. १८६० मध्ये गेले तेव्हा डोक्यावर कर्ज होतं.

रबर सर्वांत आधी कोणाच्या कामी आलं असेल? बूट, रेनकोट, हे तुम्हाला सुचेल. पण आपल्या गोष्टीत महत्त्वाचे आहेत दाताचे डॉक्टर. गंधकाचं प्रमाण वाढवलं की रबर कडक होतं, आणि अशा कडक रबराच्या कवळ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास बनत. त्यासाठी डॉक्टरकडे वाफेच्या दाबावर चालणारं एक लहानसं भांडं असे, आपल्या प्रेशर कुकरसारखं म्हणा. रबरी शिक्का पहिल्यांदा कोणी केला, यावर अमेरिकेत एकाहून जास्त दावेदार आहेत. पण सुरुवातीचे शिक्के दाताच्या डॉक्टरांच्या या भांड्यांत तयार होत, ही गोष्ट त्या धंद्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येते. रीतही कवळीसारखीच. आधी खिळे जुळवून मजकूर मांडायचा, त्याचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, साच्यावर रबर ठेवून दाब आणि उष्णता द्यायची. थंड झाल्यावर सोलून काढायचं, कापायचं, लाकडी मुठीला चिकटवायचं.

शिक्क्याला शाईही तशीच हवी. विचार करा, या शाईकडून आपण दोन उलट अपेक्षा ठेवतो : पॅडमध्ये ती महिनोन्‌महिने ओली राहायला हवी आणि कागदावर मात्र चटकन वाळायला हवी. तेलाची शाई चालत नाही, कारण तेलानं रबर फुगतं. मग पाण्यात विरघळणारा रंग आणि जोडीला ग्लिसरीन, असा तोडगा निघाला. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं म्हणून पॅड सुकत नाही. आणि कागद शाई शोषून घेतो म्हणून ठसा सुकतो. रंग आला डांबराच्या रसायनातून. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलानं कोळशाच्या डांबरातल्या पदार्थापासून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग उभा राहिला. त्याच कुळातले जांभळे रंग पुढे शाईत आले. आपल्या कचेऱ्यांतला तो ओळखीचा जांभळा ठसा इतक्या लांबून आलेला आहे.

शिक्का म्हणजे हुकूम

हा शिक्का गेला कुठे? बँकेत, टपालात, रेल्वेत, न्यायालयात. ‘मिळाले’, ‘दिले’, ‘नामंजूर’. तीच ओळ दिवसातून दोनशे वेळा लिहिणाऱ्या कारकुनाचे हात वाचले. त्याबरोबर अक्षरही गेलं. लिहिलेल्या ‘नामंजूर’मध्ये निदान लिहिणाऱ्याचं वळण दिसतं; शिक्क्यातल्या ‘नामंजूर’मागे माणूस दिसत नाही.

शिक्क्याचा हा दरारा मराठी माणसाला वेगळा सांगायला नको, कारण आपल्या भाषेतच तो मुरलेला आहे. एखादी गोष्ट कायमची ठरली की आपण म्हणतो, ‘शिक्कामोर्तब झालं’. शिवकाळातल्या पत्रात वर राजमुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तबाची लहान मुद्रा : ‘मर्यादेयं विराजते’. अर्थ असा, की इथे मर्यादा आली, मजकूर संपला. याच्या खाली कोणी एक अक्षर घुसडू नये यासाठी ती सोय होती. ती मुद्रा अर्थात धातूची, रबराच्या दोनशे वर्षं आधीची. पण काम तेच. शिक्का बोलला की पुढे बोलायचं नाही.

मग अशा वस्तूनं ‘शुभेच्छा’ म्हणायची, हे कोणाला सुचलं?

कलाकारांची खोडी

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत हॅनोव्हरमध्ये कुर्ट श्विटर्स हे कलाकार होते. रस्त्यावरची तिकिटं, वेष्टनं, चिटोरे चिकटवून ते चित्रं करत. १९१९ च्या सुमारास त्यांनी कचेरीत वापरायचे रबरी शिक्के कागदावर वाकडेतिकडे, एकमेकांवर मारले आणि त्यात पेन्सिलीनं माणसं, चाकं, घरं रेखाटली. कारकुनाचं हत्यार पहिल्यांदाच खेळायला घेतलं, असं म्हणायला हरकत नाही. नुकत्याच झालेल्या युद्धात माणसं कागदांवरच्या अशाच ठशांनी आघाडीवर गेली होती, हे लक्षात घेतलं की या खेळाला धार येते.

दुसरे, न्यूयॉर्कचे रे जॉन्सन. १९५० नंतर हे कलाकार आपली चित्रं प्रदर्शनात मांडण्यापेक्षा टपालानं ओळखीच्या-अनोळखी लोकांना पाठवू लागले. त्यावर शिक्के असत. आणि सूचना अशी, की यात तुमची भर घाला आणि परत पाठवा किंवा अमक्याला पाठवा. १९६२ पासून या पत्रव्यवहाराला एखाद्या शाळेचं असावं तसं गमतीदार नावही मिळालं. टपाल-कला म्हणून जी चळवळ पुढे जगभर पसरली, तिचा हा एक मोठा उगम.

आता ही दोन टोकं शेजारी ठेवून बघा. मोर्तबाची मुद्रा सांगते, याखाली कोणी काही लिहू नये. जॉन्सन यांचं पत्र सांगतं, याखाली तुम्ही लिहा. शिक्क्याचा अर्थच त्यांनी फिरवला. घरगुती भेटकार्डांना शिक्का मिळाला तो असा, दरारा उतरल्यावर.

जपानचा बटाटा

इथे थोडं जपानकडे वळायला हवं, कारण तिथे हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनं सुटला. जपानमध्ये १८७३ मध्ये पोस्टकार्ड आलं आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छांची जुनी रीत त्यावर चढली. या कार्डांना ‘नेंगाजो’ म्हणतात. डिसेंबरात ठरावीक तारखेपर्यंत टाकलेली कार्डं टपाल खातं राखून ठेवतं आणि १ जानेवारीला घरोघर पोचवतं. १९४९ पासून त्यावर सोडतीचे नंबरही येऊ लागले. २००४ च्या नववर्षासाठी ४४० कोटींहून जास्त कार्डं काढली गेली. लोकसंख्या पावणेतेरा कोटींच्या आसपास, म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत धरलं तरी माणशी चौतीस-पस्तीस कार्डं. त्यानंतर मात्र हा आकडा घसरत गेला.

आता एका घरातून पन्नास-शंभर कार्डं जायची तर ती रंगवणार कोण? हाही हेन्री कोल यांचाच प्रश्न. पण सगळेच जण छापखान्याकडे धावले नाहीत. घरातला बटाटा घेतला, अर्धा कापला, त्यावर आकृती कोरली आणि ठसे मारले. पुढे शाळकरी खोडरबरावर कोरायची रीत आली. शिवाय प्रत्येक वर्षाचा एक प्राणी ठरलेला : उंदीर, बैल, वाघ, ससा असा बारा वर्षांचा फेरा. त्यामुळे दर वर्षी नवा ठसा कोरावाच लागे. १९७७ मध्ये रिसो कंपनीनं ‘प्रिंट गोक्को’ नावाचं टेबलावर मावणारं छपाईयंत्र काढलं, तेही याच कार्डांसाठी घरोघर गेलं.

बटाट्याचा हा ठसा ऐकून तुम्हाला आपली भेंडी आठवली असेल. बरोबर आहे. आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवून शाळेत पाचपाकळी फुलं कोणी काढली नाहीत? फरक एवढाच, की तिकडे तो ठसा टपालाच्या पेटीपर्यंत गेला. आपल्याकडे बहुतेक वेळा चित्रकलेच्या वहीत राहिला.

शाईचं शास्त्र आणि हाताची सवय

१९७० नंतर अमेरिकेत चित्रांचे रबरी शिक्के विकणारे लहान लहान व्यवसाय निघाले. १९८० पासून ‘रबरस्टँपमॅडनेस’ नावाचं नियतकालिक चालू झालं. नावातच वेड आहे. १९८८ मध्ये दोघी बहिणींनी ‘स्टॅम्पिन अप’ ही कंपनी काढली. ती दुकानातून माल विकत नसे. एखाद्या बाईच्या घरी शेजारणी जमायच्या, तिथे शिक्के मारून दाखवायचे आणि तिथेच मागणी घ्यायची. कचेरीतला शिक्का अशा रीतीनं घरातल्या टेबलावर येऊन बसला. आणि तो तिथे टिकला याचं कारण त्यातलं तंत्र. ते जरा सावकाश बघू.

शाया ढोबळमानानं दोन जातींच्या. एक, ज्यात रंग विरघळलेला असतो. ती कागदात मुरते, लवकर वाळते, कडा किंचित पसरतात आणि उन्हानं बरेचदा फिकी पडते. दुसरी, ज्यात रंगाचे बारीक कण तरंगत असतात. हे कण कागदावरच बसतात. ही शाई सावकाश वाळते आणि रंग जास्त टिकतो.

सावकाश वाळणं हा कचेरीत दोष; कार्ड करणाऱ्यांनी त्याचा गुण केला. शाई ओली आहे तोवर तिच्यावर राळेसारख्या पदार्थाची बारीक पूड भुरभुरायची. ठशावर ती चिकटते; उरलेली कागद टिचकावून परत डबीत. मग गरम हवेचा झोत दिला, की पूड वितळून चमकते आणि ठसा बोटाला लागेल इतका वर येतो. उठावाची अक्षरं असलेली व्हिजिटिंग कार्डं आपण पाहतो, तीही बरेचदा अशा पुडीचीच असतात. छापखान्यातली ही युक्ती जशीच्या तशी घरी आली.

याच पुडीचा दुसरा उपयोग अडसर म्हणून. बिनरंगी पुडीनं फूल उठवायचं आणि सगळ्या कागदावर पातळ शाई फिरवायची. वितळलेली पूड शाई घेत नाही, म्हणून फूल पांढरं राहतं आणि आजूबाजूला रंग चढतो. बाटिकमध्ये मेण करतं तेच हे.

तिसरी युक्ती झाकण्याची. समजा, पुढे झाड आणि मागे डोंगर हवा आहे. आपल्याला वाटेल आधी डोंगर मारावा. नाही. आधी झाड. मग तेच झाड दुसऱ्या कागदावर मारून कातरायचं, पहिल्या झाडावर ठेवायचं आणि वरून डोंगर मारायचा. झाकण उचललं, की डोंगर झाडामागे गेलेला असतो. पुढचं आधी आणि मागचं नंतर, ही उलटी शिस्त हाताला लागायला वेळ लागतो.

आणि सर्वांत साधी युक्ती : शाई एकदाच लावून दोनदा ठसा मारायचा. दुसरा ठसा फिका येतो आणि लांबचा वाटतो. कारकुनाच्या लेखी हा फिका ठसा म्हणजे वाया गेलेलं काम. इथे त्यातून अंतर दिसतं, धुकं दिसतं.

म्हणजे बघा, शाई न वाळणं, फिकं उमटणं, कोन चुकणं, कचेरीला नको असलेल्या या सगळ्या गोष्टी कार्डवाल्यांनी उचलल्या. वेळ वाचवण्यासाठी घडवलेलं हत्यार वेळ घालवण्यासाठी कसं वापरलं गेलं, याचं उत्तर मला इथे सापडतं. कार्ड घेणाऱ्याला चित्र मिळतंच. त्याबरोबर आपल्यासाठी कोणी बसलं होतं, हेही त्याला कळतं.

आपल्याकडे

आपल्याकडे दिवाळीची, संक्रांतीची भेटकार्डं टपालानं जात. संक्रांतीच्या पाकिटात चार दाणे तिळगुळाचे घालून पाठवायची पद्धत तुमच्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. पण मला त्याहून मोलाची वाटते ती लग्नपत्रिका. पत्रिका छापखान्यातून पाचशे येवोत नाहीतर हजार, सगळ्या सारख्या. पण पाठवण्याआधी घरातल्या बायका बसून एकेकीला हळदीकुंकवाचं बोट लावत. ते बोट लागल्याशिवाय ते आमंत्रण नव्हे, तो नुसता छापील कागद. इथे पॅड म्हणजे कुंकवाचा करंडा आणि शिक्का म्हणजे आपलं बोट. छापलेल्या गोष्टीवर हात फिरवून ती आपली करायची, हे आपल्याला कोणी शिकवायला नको होतं.

आज दिवाळीला सकाळी सातच्या आत फोनवर शंभर चित्रं येऊन पडतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. हेन्री कोल आज असते तर त्यांनीही हेच केलं असतं. फक्त एवढंच म्हणतो, की त्या शंभरांत तुम्हाला कुंकवाचं बोट कुठे दिसलं, तर ते पाठवणाऱ्याला उलट फोन करा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : शिक्का तर कारखान्यात तयार झालेला. चित्र दुसऱ्याचं. मग त्याला हातानं केलेलं कार्ड कसं म्हणायचं?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. मला वाटतं, ‘सगळं स्वतः केलं का’ ही कसोटी लावली तर काहीच टिकणार नाही. कागद आपण करत नाही, शाई आपण करत नाही. कोल यांच्या कार्डावर चित्र हॉर्सलींचं, छपाई छापखान्याची. तरी रंग भरणाऱ्याच्या हातानं प्रत्येक कार्ड जरासं वेगळं झालं. कसोटी ही, की करणाऱ्याच्या हातून काही ठरलं का? कुठे मारायचा, किती दाबायचा, कशाआड काय लपवायचं, कोणासाठी कोणता रंग. हे तुम्ही ठरवलं असेल तर कार्ड तुमचं.

प्रश्न : सुरुवात करायची तर हे सगळं सामान घ्यावं लागतं का? फार महाग पडतं.

उत्तर : मुळीच नाही. खोडरबर, कोरायला लहान धारदार पातं आणि शाईचं एक पॅड, एवढं पुरतं. दोनच गोष्टी सांभाळा. अक्षरं कोरायची तर ती आरशातल्यासारखी उलटी कोरा, नाहीतर नाव उलटं उमटेल. आणि पातं बोटांकडे ओढू नका, बाहेरच्या बाजूला चालवा. तेही नको असेल, तर मंडईत भेंडी मिळतेच!